बारा ग्रॅम जास्त भरला

परवा रात्री आईचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन बसलो होतो. नवीन क्वाड, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, तयार झाला होता, तीन इंची प्रॉपचा, दोन महिने रात्री जागून केलेला, बॅटरी लावली, कॅमेरा लावला आणि काट्यावर ठेवला तर २६२ ग्रॅम. बारा ग्रॅम जास्त! मग सुरू झालं. अँटेनाखालचं प्रिंट केलेलं माउंट काढलं आणि झिपटाय मारला, मोटरच्या वायरी लांब राहिल्या होत्या त्या कापून परत सोल्डर केल्या, स्टीलचे स्क्रू काढून ॲल्युमिनियमचे घातले, तरी २५१. शेवटी ८५० एमएएचची बॅटरी काढून ६५० ची लावली तेव्हा काटा २३२ वर थांबला. सात मिनिटं उडणारं आता जेमतेम पाच मिनिटं उडतं. आई चहा गाळता गाळता म्हणाली, "एवढ्याशा वजनाचं काय असतं रे?"

तर एवढ्याशा वजनाचं खूप असतं. आपल्याकडे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन म्हणजे नॅनो, त्याच्या पुढे २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० पर्यंत मीडियम आणि वरती लार्ज. नॅनोत बसलं की थर्ड पार्टी इन्शुरन्सची सक्ती नाही, टाइप सर्टिफिकेट म्हणजे मॉडेल तपासून मंजूर केल्याचा दाखला नाही, पायलटचं सर्टिफिकेट नाही. आणि हे वजन बॅटरी, कॅमेरा सगळं धरून, म्हणजे उडताना जे काही हवेत असेल ते सगळं. म्हणून आमच्या छंदातली निम्मी डोकेफोड ही त्या २५० च्या रेषेभोवती चालते. नियम नुसता कागदावर राहत नाही, तो फ्रेमची जाडी ठरवतो, बॅटरी ठरवतो, स्क्रूसुद्धा ठरवतो. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही पण खरं आहे.

मी पहिला क्वाड केला तो इंजिनिअरिंगला असताना. एफ४५० ची लाल-पांढरी फ्रेम, उड्डाण सांभाळणारा केके बोर्ड, मोटरचा वेग सांभाळणारे चार ईएससी, हॉस्टेलच्या खोलीत टेबलफॅनसमोर सोल्डरचा धूर घालवत केलेला. पहिल्यांदा जमिनीपासून फूटभर उचलला आणि तिथंच थरथरत थांबला ना, तो क्षण मी कधी विसरणार नाही. कॉलेजमागच्या मैदानात उडवायचो, कुणी विचारलं नाही, परवानगी घ्यायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं. आणि मग २०१४ च्या ७ ऑक्टोबरला डीजीसीएची म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची जाहीर सूचना आली की नियम तयार होईपर्यंत कोणीही, कुठल्याही कामासाठी, नागरी हवाई हद्दीत असली यंत्रं उडवू नयेत. बस. एका पानाच्या सूचनेने सगळा छंद कायद्याबाहेर गेला. नियम यायला चार वर्षं लागली! त्या चार वर्षांत लग्नाच्या शूटिंगमध्ये ड्रोन सर्रास दिसायला लागले, दुकानात मिळायला लागले, आणि नियम पाळायची इच्छा असणाऱ्याला मात्र पाळायला नियमच नव्हता.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये नियम आले, १ डिसेंबरपासून लागू झाले. डिजिटल स्काय नावाचं पोर्टल आणि एनपीएनटी म्हणजे 'परवानगी नाही तर टेकऑफ नाही'. कल्पना अशी की प्रत्येक उड्डाणाआधी ॲपवरून परवानगी मागायची, सर्व्हरकडून सही केलेली परवानगी यायची आणि ती ड्रोनच्या आतल्या सॉफ्टवेअरने तपासल्याशिवाय मोटर फिरणारच नाही. कंपनीत बनलेल्या ड्रोनसाठी ठीक आहे. पण घरी बनवलेल्या क्वाडमध्ये जो फ्लाइट कंट्रोलर असतो, ज्यात आम्ही बीटाफ्लाइट नावाचं सॉफ्टवेअर टाकतो, त्यात ही सोय कुठून आणायची? तेव्हा माझ्या लक्षात आलं की नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर ड्रोन म्हणजे खोक्यातून विकत आणलेली वस्तू आहे, घरी टेबलावर बनवणारा माणूस त्यांना दिसलेलाच नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर या एका गोष्टीभोवती आहे.

त्या नियमांत मायक्रोला २०० फुटांच्या खाली उडवायला ऑपरेटर परमिट नको होतं पण स्थानिक पोलिस ठाण्याला २४ तास आधी कळवायचं होतं. मी एकदा अर्ज टाइप करून, जागेचा नकाशा जोडून गेलो. तिथले साहेब चांगले होते, खुर्ची दिली, अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "लग्नाचं शूटिंग आहे का?" म्हटलं नाही. "सर्व्हे?" म्हटलं नाही, नुसतं उडवायचंय. "नुसतं उडवायचंय म्हणजे?" त्यांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला, तो कागद माझ्याकडे अजून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. पण 'नुसतं उडवायचंय' याला आपल्याकडे उत्तर नाही हे तिथं कळलं. पतंगाला आहे, सायकलला आहे, याला नाही.

२०२० च्या जानेवारीत सरकारने एक संधी दिली, १४ ते ३१ तारखेच्या मधे ज्याच्याकडे ड्रोन आहे त्याने स्वतःहून जाहीर करायचं, की मग मालकाला एक नंबर आणि ड्रोनला एक नंबर, डॅन म्हणायचे त्याला. आमच्या ग्रुपवर भांडणं झाली, काहीजण म्हणाले कशाला स्वतःहून नाव द्यायचं, उद्या घरी येतील. मी नाव दिलं. मला वाटलं मोजणीत आलो तरच कुणीतरी आपला विचार करेल. आजही तेच वाटतं.

मग आलं २०२१, आणि त्या एका वर्षात दोन वेगवेगळे नियम आले. मार्चमधले वाचून तर मी दोन दिवस क्वाडला हात लावला नाही. २५ फॉर्म, ७२ प्रकारच्या फी. आणि नॅनोचीसुद्धा व्याख्या अशी की वजन कमी असलं तरी सेकंदाला १५ मीटरपेक्षा जास्त वेग किंवा १५ मीटरपेक्षा जास्त उंची किंवा १०० मीटरपेक्षा लांब जायची क्षमता असेल तर तो वरच्या वर्गात. आता १५ मीटर उंची म्हणजे आमच्या सोसायटीची पाच मजली बिल्डिंग, आणि वेग म्हणाल तर कुठलाही बरा क्वाड सहज त्याच्या पुढे जातो. 'क्षमता' हा शब्द फार वाईट होता, तुम्ही किती उंच उडवलं ते नाही, किती उडू शकतो ते.

पण टीका झाली, लोकांनी लिहून कळवलं, आणि २५ ऑगस्टला नवीन ड्रोन नियम आले. मी मनापासून सांगतो, ते चांगले होते. फॉर्म २५ चे ५ झाले, फी ७२ च्या ४ झाल्या, दंडाची कमाल मर्यादा १ लाख. आणि आमच्यासाठी सर्वात मोठी गोष्ट, २५ किलोपर्यंतचं मॉडेल, जे शिक्षण, संशोधन, डिझाइन, टेस्टिंग किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलं जातं, त्याला टाइप सर्टिफिकेट नको असं त्यात स्पष्ट लिहिलं. करमणूक हा शब्द! मी तो परिच्छेद फोनवर झूम करून बायकोला दाखवला होता. पहिल्यांदा कुणीतरी 'नुसतं उडवायचंय' हे कायद्याच्या भाषेत लिहिलं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या २४ तारखेला ड्रोनसाठी हवाई हद्दीचा नकाशा आला, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच उंची २०० फूट. पिवळ्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी, लालमध्ये केंद्र सरकारची. पिवळा पट्टा आधी विमानतळापासून ४५ किलोमीटरपर्यंत धरलेला तो १२ वर आणला. पुण्यातल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. लोहगावला एअरफोर्सचं स्टेशन, खडकवासल्याला एनडीए, पाषाणला डीआरडीओ, मधे कॅन्टोन्मेंट, शहरात उडवायचा विचारच करायचा नाही आणि तो करूही नये. पण माझ्या मामाचं शेत सासवडच्या पलीकडे आहे, लोहगावपासून सरळ रेषेत २५-३० किलोमीटर. ४५ चं वर्तुळ काढलं तर ते आत, १२ चं काढलं तर बाहेर. मी नकाशा उघडला, बोटाने दिवे घाट ओलांडून खाली आणला, आणि मामाचं शेत हिरवं होतं.

तेव्हापासून चार वर्षं रविवारी सकाळी तिकडे जातोय. अंजिराची बाग, मधे विहीर, कडेने सीताफळं, आणि वरच्या अंगाला पडीक माळ जिथं क्रॅश झाला तरी कुणाचं नुकसान नाही. सकाळी सहाला वारा पडलेला असतो, गवतावर दव, तेव्हा प्रॉपचा आवाज वेगळाच येतो, कापडाला टर्रकन चीर जावी तसा. क्वाडच्या कॅमेऱ्यातलं दृश्य दाखवणारा चष्मा, म्हणजे गॉगल, लावायच्या आधी मामेभावाला शेजारी उभा करतो, त्याचं काम एकच, क्वाडवर नजर ठेवायची आणि गुरं, माणूस, वायर दिसली की ओरडायचं. गॉगल लावून उडवणाऱ्याला क्वाड दिसत नाही, क्वाडला जे दिसतं ते दिसतं, म्हणून नजरेच्या टप्प्याचा नियम आमच्यासाठी असा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाळावा लागतो.

२०२२ च्या ९ फेब्रुवारीला परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. पूर्ण बनवलेला असो वा सुटे भाग करून आणलेला पूर्ण सेट असो, संशोधन आणि संरक्षण वगैरे सोडून बाकीच्यांना नाही. कंपोनंट मात्र आणता येतात. कारण समजतं, इथं बनावेत म्हणून. आणि आमच्यासारख्या घरी बनवणाऱ्यांचं त्यात फार अडलं नाही, मोटर, फ्लाइट कंट्रोलर मिळत राहिले. फक्त रिसीव्हर घेताना बँड बघून घ्या, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा लायसन्समुक्त पट्टा आहे, दुसऱ्या देशाचा ९०० वाला घेऊन बसू नका, तो आपल्याकडे मोबाइलच्या पट्ट्यात घुसतो. पण ज्याला बनवता येत नाही, नुसता एक छोटा कॅमेऱ्याचा ड्रोन हवाय, त्या माणसाची वाट बंद झाली. मावसभाऊ टेक्सासहून येताना बॅगेत आणतो म्हणाला होता, मी नको म्हटलं, एअरपोर्टवर कस्टममध्ये अडकला तर त्याचाही त्रास आणि वस्तूही गेली.

त्याचं तिकडे कसं आहे हे त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. छंदासाठी उडवणाऱ्याला एक मोफत ऑनलाइन परीक्षा, ट्रस्ट म्हणतात, अर्ध्या तासात होते. २५० ग्रॅमच्या वर असेल तर ५ डॉलर भरून तीन वर्षांचं रजिस्ट्रेशन आणि एका नंबरावर सगळे ड्रोन. आता रिमोट आयडी आलंय, म्हणजे उडताना ड्रोन स्वतःची ओळख आणि जागा रेडिओवर सांगत राहतो, त्यावरून तिथले जुने एरोमॉडेलिंगवाले चिडलेत. पण त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त मैदानं ठेवलीत, तिथं रिमोट आयडीशिवाय उडवता येतं. तिथलं सगळं चांगलं आणि आपलं वाईट असं मी म्हणणार नाही, आपली सीमा वेगळी, आपले धोके वेगळे. पण मैदानाची कल्पना मला फार आवडली. एक ठरलेली जागा, पोलिसांना माहीत असलेली, गावाला माहीत असलेली.

ती का आवडली ते २०२४ च्या पावसाळ्यात घडलं त्यावरून सांगतो. आठवत असेल, जून-जुलैमध्ये पुणे, नगर, बीड, जालना इकडे रात्री आकाशात ड्रोन दिसतात अशी चर्चा उठली होती, चोर टेहळणी करतात, घरं हेरतात, असं गावोगाव पसरलं होतं. लोक रात्र रात्र जागत होते, काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्त घालत होते. त्या वेळी एका शनिवारी मी मामाकडे मुक्कामाला गेलो, क्वाड बॅगेतच होता, बाहेर काढलासुद्धा नव्हता. रात्री नऊच्या सुमाराला दारात आठ-दहा जण. कुणी ओरडत नव्हतं, ते जास्त भीतीदायक होतं. त्यातले दोघे मला लहानपणापासून ओळखणारे. "पाव्हणं, तुमच्याकडं ते उडणारं हाय म्हणं." मामा पुढे झाले, बॅग आणून ओसरीवर उघडून दाखवली, बॅटरी वेगळी काढलेली दाखवली. तासभर बोलणं झालं, चहा झाला, गेले. पण जाताना एक म्हातारे आजोबा म्हणाले, "लेका, तुझं खरं आसंल, पर अंधारात आमाला कसं कळायचं तुझं कुठलं नि चोराचं कुठलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम बघतो वजन, उंची, विमानतळापासूनचं अंतर. माणूस बघतो कुणाचं आहे आणि कशाला आलंय. आणि याच पुरंदर तालुक्यात ड्रोनची किती रूपं लोकांनी बघितलीत बघा. सोनोरी गावात, मल्हारगडाच्या पायथ्याला, गावठाणाची ड्रोनने मोजणी राज्यात पहिल्यांदा झाली, लोकांना घराच्या जागेचा कागद मिळायची सुरुवात झाली, तेव्हा पोरं ड्रोनच्या मागे पळत होती. आणि २०२५ च्या मे महिन्यात प्रस्तावित पुरंदर विमानतळाच्या जमिनीसाठी ड्रोन सर्व्हे करायला आले तेव्हा कुंभारवळण भागात त्याच ड्रोनपुढे लोक उभे राहिले, पोलिसांशी झटापट झाली. एकाच तालुक्यात, काही वर्षांच्या अंतराने. त्यात मी रविवारी सकाळी चष्मा लावून उडवणारा, माझ्याकडे कुणी कुठल्या नजरेने बघावं?

तोच मे महिना ऑपरेशन सिंदूरचा. मुंबईत पोलिसांनी ११ मे ते ९ जून ड्रोन उडवायला पूर्ण बंदी केली. मी पुण्यात, पण ग्रुपवर ठरवलं की महिनाभर कुणीच उडवायचं नाही, आणि कुणी उडवलं नाही, त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. देशाची वेळ असते तेव्हा छंद बाजूला ठेवायचाच. अडचण वेगळी आहे. असे बंदीचे आदेश इतर वेळीही निघतात, मोठी सभा, व्हीआयपी दौरा, सण, आणि ते त्या त्या शहरापुरते पत्रक म्हणून निघतात. नकाशावर जागा हिरवीच दिसते. म्हणजे नकाशा बघून निघालेला माणूस प्रामाणिकपणे गुन्हा करू शकतो. माझी सवय सांगतो, निघायच्या आदल्या रात्री नकाशा बघायचा, मग त्या भागातल्या पोलिसांचं सोशल मीडियावरचं पान बघायचं, आणि तरी शंका असेल तर ठाण्यात फोन. तिन्ही केल्याशिवाय बॅग भरायची नाही.

आणि आता नवीन विधेयक. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये १६ तारखेला नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी ठेवला, ३० तारखेपर्यंत मुदत. त्यात काही गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र गुन्हा, पोलिसांना झडती आणि जप्तीचे अधिकार, विमा सक्तीचा. आणि त्याच महिन्यात जीएसटी, जो खाजगी वापराच्या ड्रोनला २८ टक्के होता, तो २२ तारखेपासून ५ टक्के झाला. एका हाताने या म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने तुरुंग दाखवायचा, असं त्या पंधरवड्यात वाटलं. विमानतळाजवळ मुद्दाम उडवणाऱ्याला कडक शिक्षा हवीच, धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानात दीडशे माणसं असतात, त्यात दुमत नाही. पण चुकून हद्द ओलांडलेला बारावीचा मुलगा आणि मुद्दाम घुसवणारा यांत फरक कागदावर दिसला पाहिजे, जागेवरच्या शिपायाच्या अंदाजावर सोडू नये. जप्त झालेला क्वाड परत मिळेपर्यंत लिपो बॅटऱ्या फुगून जातात हे तर वेगळंच.

मी मंत्रालयाला ईमेल केला. तीन गोष्टी लिहिल्या. करमणुकीसाठी उडवणाऱ्याची वेगळी व्याख्या कायद्यातच ठेवा, मोफत ऑनलाइन परीक्षा मराठीसह सगळ्या भाषांत घ्या, आणि प्रत्येक जिल्ह्यात एक तरी मैदान ठरवून द्या जिथं शाळेतली पोरं उघडपणे उडवायला शिकतील. शेवटचं लिहिताना मला त्या आजोबांचा प्रश्न आठवत होता.

मागच्या रविवारी २३२ ग्रॅमचा क्वाड घेऊन गेलो होतो. मामा बांधावर बसले होते, त्यांनी विचारलं, "विमानतळ झाल्यावर हे बंद का रं?" मी फोनवर नकाशा काढला, प्रस्तावित जागेपासून मामाच्या विहिरीपर्यंत रेघ ओढली, चार किलोमीटरसुद्धा भरेना. विमानतळ सुरू झाला की हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आतलं सगळं लालमध्ये जाईल. मामांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आपली जागा त्यात जात न्हाई एवढंच देवाचं म्हणायचं, खालच्यांची जातीय." आणि मग, "तेवढं एकदा विहिरीवरनं घे की, समदी बाग दिसंल आशी."

गॉगल स्वतः न लावता मामांच्या डोळ्यांवर चढवला, टोपी काढायला लावून, आणि मी नुसत्या नजरेने उडवला. चाळीस मीटरवर नेऊन थांबवला. खाली अंजिराच्या रांगा, विहिरीचं काळं गोल पाणी, गोठ्याचा पत्रा, मामीने वाळत घातलेली लाल साडी. मामा मान इकडेतिकडे हलवत होते, त्यांना वाटत होतं मान फिरवली की दिसेल. "ती आपली विहीर," मी म्हटलं. "कळलं," ते म्हणाले, "बापानं खांदलीय ती." साडेचार मिनिटांनी बॅटरीचा बीप वाजायला लागला तेव्हा हळूहळू उतरवला, आणि फाईल त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये घालून दिली.